अपडेटनंतर पीसी हँग होतोय? आधी वही काढा

(या भागाचं शब्दांकन. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय.)

हेडफोन लावून बसमध्ये ऐकत असाल तर उत्तम, आणि समोर हँग झालेला डेस्कटॉप ठेवून ऐकत असाल तर आणखीच उत्तम. कारण आजचा भाग तुमच्यासाठीच आहे.

विषय असा: पीसी नीट चालू होता. मग कुणीतरी बायोस अपडेट केलं. तुम्ही, तुमच्या भावाने, किंवा दुकानातल्या मुलाने. आणि तेव्हापासून मशीन मधेच अडकतं. माउस हलत नाही, कीबोर्ड चालत नाही, पॉवर बटण दाबून धरलं तरच सुटका. परत चालू केलं की तासभर ठीक, मग पुन्हा तेच. यावर लोकांची दोनच उत्तरं असतात. एक, 'अजून नवीन अपडेट टाक.' दोन, 'मदरबोर्ड गेला.' माझं म्हणणं असं की या दोन्हींच्या आधी दहा रुपयांची एक वही आणा. का, ते सांगतो.

आधी थोडं बेसिक. फर्मवेअर म्हणजे हार्डवेअरच्या आतच राहणारं सॉफ्टवेअर. मदरबोर्डवर एक छोटी फ्लॅश चिप असते, साधारण १६ किंवा ३२ एमबीची. तुमच्या फोनमधल्या एखाद्या व्हिडिओपेक्षाही लहान. विंडोज जागं होण्याआधी प्रोसेसर, रॅम, एसएसडी या सगळ्यांना उठवून रांगेत उभं करायचं काम त्या चिपमधला कोड करतो. त्यालाच आपण सवयीने बायोस म्हणतो, आजकालचं नाव यूईएफआय. एसएसडीचं फर्मवेअर वेगळं, ग्राफिक्स कार्डचं वेगळं. पण आज मुख्यतः मदरबोर्डबद्दल बोलू.

आता नीट लक्ष द्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. बायोस अपडेट केल्यावर एक गोष्ट बदलत नाही, तीन बदलतात.

पहिली, कोड बदलतो. हे सगळ्यांना माहीत असतं.

दुसरी, सेटिंग्ज बदलतात. बऱ्याच बोर्डांवर अपडेटनंतर सगळं फॅक्टरी डिफॉल्टला जातं. आधी कुणी हाताने काही बदललं असेल तर ते पुसलं जातं. कधी कधी नव्या व्हर्जनचं डिफॉल्टच वेगळं असतं.

तिसरी, रॅमचं ट्रेनिंग नव्याने होतं. बोर्ड प्रत्येक रॅमशी नव्याने जुळवून घेतो. डीडीआर५ असेल तर अपडेटनंतरच्या पहिल्या बूटला स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. अशा वेळी घाबरून पॉवर काढू नका. चहा प्या.

म्हणजे 'अपडेटनंतर बिघडलं' आणि 'अपडेटमुळे बिघडलं' यात बरंच अंतर आहे. नक्की कुठल्या बदलामुळे बिघडलं हे शोधायचं असतं.

हे एका खऱ्या केसवर दाखवतो. माझे मामा कराडला डीटीपीचं काम करतात. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळेच्या प्रश्नपत्रिका, सगळं एका असेंबल्ड डेस्कटॉपवर. तो २०१९ मध्ये बनवलेला. मागच्या सीझनला त्यांनी नवीन एसएसडी टाकून घेतली, आणि टाकणारा मुलगा म्हणाला, 'बायोस पण लेटेस्ट करून देतो.' दुसऱ्या दिवसापासून मशीन हँग. पुन्हा दुकानात. त्याने अजून एक अपडेट टाकलं, दोन तास स्ट्रेस टेस्ट चालवली, मशीन पास. घरी आणलं, परत हँग. तिसऱ्या फेरीला कोटेशन मिळालं: बोर्ड, प्रोसेसर, रॅम मिळून एकवीस हजार. वर 'जुन्याचे पार्ट आता मिळत नाहीत' हेही ऐकवलं. डोक्यावर चाळीस पत्रिकांच्या ऑर्डरी. मामांनी मला पुण्याला फोन केला तेव्हा त्यांचा प्रश्न एकच होता, 'आरं, घेऊन टाकू का?'

मी म्हटलं, 'मामा, चार-सहा दिवस द्या. आणि तोवर प्रत्येक ऑर्डरची फाइल पेन ड्राइव्हवर घेत चला.'

मंडळी, ही पायरी शून्य. हँग होणाऱ्या मशीनवर आधी बॅकअप, मग डिटेक्टिव्हगिरी. प्रत्येक वेळी पॉवर बटण दाबून बंद करता, तेव्हा लिहिणं अर्धवट सुटतं आणि फाइल खराब होऊ शकते. दुसरं म्हणजे बिटलॉकर. विंडोज ११ वर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं असेल तर ड्राइव्ह एन्क्रिप्ट झालेली असू शकते, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसतो. बायोसमध्ये हात घातला की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते. आधी फोनवरून लॉगिन करून ती काढा, कागदावर लिहा, मग पुढे चला. नाहीतर रोग बरा होईल आणि पेशंटच्या घराची किल्ली हरवलेली असेल.

पायरी एक. हँग म्हणजे नक्की काय होतं? सगळे हँग सारखे नसतात. अडकल्यावर कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर सिस्टिम आतून जिवंत आहे, बहुधा स्क्रीनची बाजू अडकलीय. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर रीसेट होतो. स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत आली, तर संशय ग्राफिक्सवर. दिवा अजिबात हलत नाही, गाणं चालू असेल तर आवाज 'टर्रर्र' करून अडकतो, तर पूर्ण मशीन थांबलंय. मग रॅम, वीज, प्रोसेसर, बोर्ड, आणि कधी एसएसडी या घराण्याकडे जायचं. आणि तिसरा प्रकार: अर्धा-एक सेकंद अडकतं आणि पुन्हा चालू होतं. त्याला हँग म्हणू नका. तो अडखळणं आहे, त्याची कारणं वेगळी. त्यावर नंतर येतो.

मामांचं मशीन दुसऱ्या प्रकारातलं. ठार बंद.

पायरी दोन, वही. मी मामांना सांगितलं, प्रत्येक हँगला चार गोष्टी लिहा: किती वाजता, त्या वेळी मशीनवर काय चालू होतं, तुम्ही कुठे होता, आणि चालू करून किती वेळ झाला होता. मामा म्हणाले, 'मी पत्रिका सोडून वेळ कुठला बघत बसू?' तर त्याचीही सोय आहे. मशीन पूर्ण अडकतं तेव्हा स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळही थांबतं. पंचनाम्यात मनगटावरचं फुटलेलं घड्याळ सापडतं ना, तसं. फोनने फक्त एक फोटो काढायचा. फोटोत थांबलेली वेळ येते, आणि फोटो कधी काढला ते फोनला माहीतच असतं.

सहा दिवसांत नऊ नोंदी झाल्या. मामांनी वहीचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. वाचता वाचता मी हसायला लागलो. 'चहाला गेलो होतो.' 'जेवायला घरी.' 'गिऱ्हाईक होतं, बोलत बसलो.' 'सकाळी येऊन बघतो तर अडकलेलं, घड्याळ ३:१२.' नऊच्या नऊ वेळा मशीन मोकळं बसलं होतं. कोरलड्रॉमध्ये मोठी फाइल उघडी असताना, प्रिंट जात असताना, एकदाही नाही. आणि एका दिवशी तर हँगच नाही. त्या दिवसाची नोंद: 'दिवसभर यूट्यूबवर जुनी गाणी लावली होती.'

दोन तासांची स्ट्रेस टेस्ट पास का झाली, ते आता कळलं? जो रोगी फक्त झोपेत आजारी पडतो, त्याला पळवून तपासत होते! दुकानातला मुलगा काही फसवत नव्हता. त्याच्यासमोर मशीन हँगच होत नव्हतं, कारण तो सतत त्याच्यावर काहीतरी चालवत होता.

तुमच्या वहीत याच्या उलटही दिसू शकतं. गेम किंवा रेंडरिंग सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत हँग, तर उष्णता, वीजपुरवठा किंवा व्होल्टेज बघा. कुठल्याही वेळी, कशाचाही ताळमेळ नाही, तर आधी रॅम. फाइल सेव्ह करताना किंवा उघडतानाच, तर एसएसडी. झोपेतून उठवताना, म्हणजे स्लीपमधून, तर बायोसची पॉवर सेटिंग्ज आणि चिपसेट ड्रायव्हर. वही वाचल्याशिवाय काही विकत घेऊ नका.

पायरी तीन, मशीनची स्वतःची वही. स्टार्ट मेन्यूमध्ये इंग्रजीत 'रिलायबिलिटी' टाइप करा, 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' दिसेल. त्यात दिवसवार लाल फुल्या असतात. पहिली लाल फुली अपडेटच्या आधीची आहे की नंतरची, एवढं बघितलं तरी पुष्कळ. खूपदा असं निघतं की त्रास आधीपासून होता, अपडेटनंतर तो फक्त डोळ्यांवर आला. अजून खोलात जायचं तर इव्हेंट व्ह्यूअर. तिथे 'कर्नल पॉवर ४१' दिसलं की लोक म्हणतात, सापडलं! नाही हो. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद न होता परत सुरू झालं. ते तर तुम्हीच बटण दाबून केलं. त्याच्या आधी 'व्हीया लॉगर' नावाची नोंद असेल तर ती महत्त्वाची. ती हार्डवेअरने स्वतः केलेली तक्रार असते. मामांच्या मशीनवर ४१ च्या आधी काहीच नव्हतं. मशीन इतक्या झटक्यात थांबत होतं की लिहायलाही सवड मिळत नव्हती.

पायरी चार, संशयित वेगळे करणं. लक्षात घ्या, मामांकडे एका दिवसात दोन गोष्टी बदलल्या होत्या: एसएसडी आणि बायोस. आणि नव्या एसएसडीवर विंडोजही नवीन. म्हणजे तीन. तिघांना एका खोलीत बसवून चौकशी होत नाही. मग मी काय करायला सांगितलं, तर पेन ड्राइव्हवर उबंटू लिनक्स टाकायचं, एसएसडीची केबल काढायची, आणि मशीन नुसतं पेन ड्राइव्हवरून चालू करून सोडून द्यायचं. इन्स्टॉल काही करायचं नाही. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप बंद करा, नाहीतर झोपलेल्या मशीनला तुम्ही हँग समजाल. मामांच्या मुलीने, माझ्या मामेबहिणीने, व्हिडिओ कॉलवर हे सगळं केलं. ती बारावीत आहे, म्हणजे तुम्हालाही जमेल.

तीन तासांत मशीन अडकलं. एसएसडी नाही, विंडोज नाही, तरी हँग. दोन संशयित एका संध्याकाळी सुटले, खर्च शून्य.

पायरी पाच, रॅम. मेमटेस्ट ८६ पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. एकही एरर आला तरी तो एररच. 'एखादाच आहे, चालतंय' असं नसतं. त्याआधी बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो चालू आहे का बघा. ही रॅमला तिच्या मूळ वेगापेक्षा जोरात पळवणारी सेटिंग्ज. जुन्या बायोसवर चालत होती म्हणून नव्यावर चालतीलच असं नाही, कारण ट्रेनिंग नव्याने झालंय. ती बंद करा आणि दोन दिवस तशीच वापरा. हँग थांबला तर कारण सापडलं. मामांकडे एक्सएमपी बंदच होतं, आणि मेमटेस्ट पूर्ण स्वच्छ.

आता उरलं काय? बायोसचा कोड, बायोसची सेटिंग्ज, आणि वीज. तेव्हा मी मामांना विचारलं, हे मशीन बनवलं कुणी होतं? तो माणूस आता दुकान बंद करून गावाला शेती करतो, पण नंबर होता. फोन लावला. तो लगेच म्हणाला, 'होय, नवीन होतं तेव्हाही असंच अडकायचं. मी बायोसमध्ये एक सेटिंग बदललं होतं.'

बघा. २०१९ मध्ये हाच रोग झाला होता, हेच औषध दिलं होतं, आणि ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. अपडेटने सगळी सेटिंग्ज पुसली, आणि औषधही पुसलं गेलं.

ते सेटिंग म्हणजे 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल'. ते 'ऑटो'वर गेलं होतं, ते 'टिपिकल करंट आयडल' करायचं. भानगड अशी आहे: आजचे प्रोसेसर मोकळे बसले की गाढ झोपतात, वीज अगदी नाममात्र घेतात. काही जुन्या किंवा साध्या एसएमपीएसना एवढा कमी करंट सांभाळता येत नाही, व्होल्टेज नीट राहत नाही, आणि मशीन जागच्या जागी थिजतं. हे नवीन नाही. २०१३ मध्ये इंटेलचे हॅसवेल प्रोसेसर आले, तेव्हा त्यांच्या गाढ झोपेत १२ व्होल्टच्या लाइनवर अवघा ०.०५ अँपिअर करंट लागायचा. एसएमपीएस कंपन्यांना 'आमची कुठली मॉडेल्स चालतील' अशा याद्या जाहीर कराव्या लागल्या होत्या. 'टिपिकल' सेटिंग प्रोसेसरला तेवढं गाढ झोपू देत नाही. विजेचं बिल किंचित वाढेल, पण पत्रिका छापून होतील.

सेटिंग बदललं. पेन ड्राइव्हवर रात्रभर ठेवलं, सकाळी घड्याळ चालू. मग मी मुद्दाम ते परत 'ऑटो'वर न्यायला सांगितलं. मामेबहीण म्हणाली, 'दादा, चाललंय तर कशाला हात लावायचा?' कारण एकदा नीट चाललं हा पुरावा होत नाही. औषध काढल्यावर रोग परत यायला हवा. दोन तासांत आला. पुन्हा 'टिपिकल', केबल जोडली, विंडोज चालू. त्यानंतर पूर्ण सीझन गेला, हँग नाही. एकवीस हजार वाचले. सवडीने एक बरा एसएमपीएस घ्यायला सांगितलाय, कारण खरा कमकुवत दुवा तोच आहे.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे अपडेट कधीच दोषी नसतं? असतं की! मघाशी अडखळण्याबद्दल बोललो होतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आलं, त्याला टीपीएम २.० लागतं. म्हणून बोर्ड कंपन्यांनी अशी बायोस अपडेट्स काढली ज्यांत टीपीएम आपोआप चालू होतं. त्यानंतर अनेक रायझन मशीन्स मधेच क्षणभर अडखळायला लागली, आवाजासकट. मार्च २०२२ मध्ये एएमडीने मान्य केलं की प्रोसेसरमधलं टीपीएम कधी कधी बोर्डवरच्या त्या छोट्या फ्लॅश चिपशी लांबलचक देवाणघेवाण करतं आणि तेवढा वेळ सगळं थांबतं. मे २०२२ पासून त्यावरचा उपाय आला. कशातून? बायोस अपडेटमधूनच.

उलटही उदाहरण आहे. क्रुशियलची एम४ नावाची एसएसडी होती. तिच्या फर्मवेअरमध्ये असा बग होता की एकूण ५,१८४ तास चालून झाले की ती प्रतिसाद देणं थांबवायची, आणि पुढे दर तासाभराने तेच. जानेवारी २०१२ मध्ये नवीन फर्मवेअर आलं आणि त्रास मिटला. तिथे अपडेट न करणाऱ्याचंच मशीन अडकत राहिलं.

आणि २०२४ चं इंटेलचं प्रकरण तर बऱ्याच जणांना आठवत असेल. १३व्या आणि १४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि हळूहळू खराब होत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये झिरो एक्स १२९ हा मायक्रोकोड बायोस अपडेटमधून दिला गेला. पण आधीच इजा झालेली चिप अपडेटने बरी होत नाही. तिथे वॉरंटी हाच मार्ग, आणि ती इंटेलने दोन वर्षांनी वाढवली. अशा माणसाने अपडेट केलं आणि हँग चालूच राहिला, तर तो म्हणणार 'अपडेटने बिघडवलं'. प्रत्यक्षात अपडेट उशिरा पोहोचलं. तुमच्याकडे या पिढीचा आय७ किंवा आय९ असेल तर बायोस जुनं ठेवू नका.

म्हणून 'अपडेट करावं की नाही' याला सरसकट उत्तर नाही. व्हर्जनसोबत काय बदललंय ते लिहिलेलं असतं, ते वाचा. तुमच्या त्रासाबद्दल किंवा सिक्युरिटीबद्दल काही असेल तर करा. मशीन उत्तम चाललंय आणि यादीत फक्त 'नव्या प्रोसेसरना सपोर्ट' असेल, तर घाई नाही.

करणार असाल तर चार गोष्टी. एक, अपडेटआधी बायोसच्या प्रत्येक पानाचे फोनने फोटो काढा. मामांकडे ते फोटो असते तर हा भागच झाला नसता. दोन, बिटलॉकर सस्पेंड करा. तीन, बोर्डचं मॉडेल आणि त्यावर छापलेला रिव्हिजन नंबर दोन्ही जुळवा, आणि फाइल कंपनीच्या साइटवरूनच घ्या. चार, यूपीएसवर करा. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड मुका होऊ शकतो, त्यामुळे महावितरणच्या मेन्टेनन्सच्या वारी हे काम काढू नका. आणि अपडेटनंतर एकदा डिफॉल्ट लोड करून, मग फोटो बघत तुमची सेटिंग्ज एकेक करून परत लावा.

सगळं करून शेवटी कोडच दोषी वाटला, तर जुन्या व्हर्जनवर परत जाता येतं का बघा. दर वेळी जाता येत नाही; काही अपडेट्स मागचा दरवाजा बंद करतात. ते अपडेटच्या माहितीत आधीच लिहिलेलं असतं. सीमॉसची बॅटरी, ती गोल सीआर२०३२, काढून-घालून फक्त सेटिंग्ज डिफॉल्टला जातात. व्हर्जन मागे जात नाही. हा गोंधळ खूप जणांचा होतो.

आणि दुकानात जायची वेळ आलीच, तर 'हँग होतंय, बघा' असं म्हणू नका. वही पुढे ठेवा. 'मोकळं असतानाच होतं, एसएसडी काढूनही होतं, रॅम टेस्ट स्वच्छ आहे.' एवढं ऐकल्यावर समोरचा माणूस थेट कोटेशन काढत नाही, विचार करायला लागतो. त्यालाही रोज असं गिऱ्हाईक मिळत नाही.

मामांच्या त्या वहीत आता पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात त्या सेटिंगचं नाव लिहिलंय, आणि वही कॅबिनेटलाच रबर लावून अडकवलीय. पुढचा माणूस कुणीही असो, त्याला ते सापडेल.

तर मंडळी, तुमच्याही मशीनची अशी काही कहाणी असेल तर पाठवा, पण नोंदींसकट! हँगच्या वेळा आणि त्या वेळी काय चालू होतं हे नसेल तर मी आधी तेच विचारणार. ज्याचा पीसी अडकतोय त्या मित्राला हा भाग आजच पाठवा, त्याने मदरबोर्ड विकत घ्यायच्या आत. भेटू पुढच्या भागात. तोवर बॅकअप घ्या, काळजी घ्या. नमस्कार!